बोथट सुऱ्यांचं घर

आमच्या घरात पाच सुऱ्या आहेत आणि अगदी परवापर्यंत त्यातली एकही कापत नव्हती. टोमॅटोवर सुरी टेकवली की साल आत दबायची, टोमॅटो क्षणभर तग धरायचा आणि मग भलत्याच बाजूने फुटायचा. याची कुणाची तक्रार नव्हती. आई आधी सुरीच्या टोकाने टोमॅटोला भोक पाडायची आणि तिथून पुढे कापत जायची. बायकोने पाव कापायची दातेरी सुरी टोमॅटोसाठी राखून ठेवली होती. मुलगी सरळ हाताने कुस्करायची, "नाहीतरी शिजणारच आहे ना बाबा?" असं म्हणून. बोथट सुरीला सगळं घर सांभाळून घेत होतं, एखाद्या तऱ्हेवाईक काकांना घेतात तसं.

पूर्वी धारवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवायची, पॅडल मारलं की पट्ट्यावर दगडाचं चाक गरगरायचं आणि ठिणग्या उडायच्या. आम्हा पोरांना धारेपेक्षा त्या ठिणग्यांचंच अप्रूप. आता सोसायटीच्या फाटकावर फेरीवाल्यांना बंदीची पाटी आहे, त्यामुळे त्याची आरोळी दोन गल्ल्या पलीकडून येते आणि आपण चप्पल घालून खाली जाईपर्यंत विरून जाते. त्याच्या चाकात खोट एकच. कोरड्या दगडावर पातं फार वेळ टेकलं तर तापून धारेवर निळसर झाक येते. तशी ती आली, की लोहाराच्या भाषेत पात्याचं पाणी उतरलं. पुढे ती सुरी कितीही घासा, आठवडाभरात पुन्हा बोथट.

म्हणून मी घरीच धार लावायचा एक संच मागवला. एक लोखंडी बैठक, पातं पकडायला चाप, बाजूला उभा खांब आणि खांबावरच्या छिद्रातून मागेपुढे सरकणारी सळई. सळईला हिऱ्याची पट्टी अडकवायची. खांबावरचं छिद्र वरखाली केलं की कोन बदलतो. आपण नुसता हात हलवायचा, कोन सळई सांभाळते.

"हिऱ्याची?" आईने चष्मा वर केला. "माझ्या कानात आयुष्यभर खडे, आणि सुरीला हिरे!"

मी तिला समजावलं की हे हिरे दागिन्यातले नव्हेत. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1954 च्या डिसेंबरात कार्बनवर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरे बनवले गेले. तेव्हापासून असले बारीक हिरे कारखान्यात तयार होतात. त्यांचा भुगा पोलादी पट्टीवर निकेलच्या मुलाम्याने बसवतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खोटेच ना?" खोटे नाहीत, हिरेच आहेत, हे तिला पटवायचा नाद मी तेव्हाच सोडला.

पहिली रात्र वाया गेली. प्रत्येक बाजूला वीस अंश, असं वाचून मी कोन लावला आणि पाऊण तास जोर लावून घासलं. जोर लावायचा नसतो, हे नंतर कळलं. हिरा मुळात इतका कठीण की पट्टीच्या वजनावरच काम होतं, आणि दाबलं तर मुलाम्यातून कण निखळतात. पाऊण तासाने सुरी होती तशीच, फक्त पात्याच्या अंगावर ओरखडे. मी चुकीच्या जागी घासत होतो. धारेच्या कडेला पट्टी पोचतच नव्हती, ती पात्याच्या खांद्यालाच, म्हणजे धारेच्या वरच्या भागालाच लागत होती.

यावरचा इलाज मुलीच्या दप्तरात निघाला. काळ्या मार्कर पेनने पात्याची कड रंगवायची, पट्टी दोनदा फिरवायची आणि बघायचं, शाई कुठली गेली. वरची गेली आणि कडेची राहिली, तर कोन वाढवा. कडेची गेली आणि वरची राहिली, तर कमी करा. सगळी गेली की जमलं. माझ्या सुरीची शाई मधोमध गेली होती आणि टोकाकडे कडेला काळी रेघ तशीच होती. टोक खांबापासून लांब पडतं, म्हणून तिथे कोन आपोआप उतरतो. चाप दोन बोटं टोकाकडे सरकवला, तेव्हा कुठे तीही रेघ गेली.

मग दुसऱ्या रात्री ती आली. तिला कारखान्यात 'बर' म्हणतात. एका बाजूने घासत राहिलं की धातूची अतिसूक्ष्म किनार पलीकडे वळते. डोळ्यांना ती दिसत नाही. अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेच्या बाहेर हलकेच न्यायचा (धारेच्या रेषेत कधीच नाही, तो मूर्खपणा मी एकदा केला आहे), तेव्हा कातडीला काहीतरी अडकल्यासारखं होतं. माठाच्या काठावर बारीकसा खरखरीतपणा लागावा, तसं. सुरीच्या मुठीपासून टोकापर्यंत ती किनार सलग लागली, की समजायचं या बाजूचं काम झालं. मग उलटी बाजू. मग 400 ची पट्टी काढून 1000 ची लावायची. आकडा वाढेल तसे कण बारीक होतात, आणि आवाजही कर्र कर्रचा सर्र सर्र होतो. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पातं मागे ओढत न्यायचं, की बर निघून जाते. त्या रात्री साडेबाराला मी ओट्यापाशी एकटा वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापत उभा होतो. बायको पाणी प्यायला आली, बघितलं आणि काही न बोलता परत गेली.

घासताना पट्टीवर राखाडी पाणी जमतं. मी फ्रिजवरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावर धरलं, तर तो गाळ मांजरीच्या केसांसारखा उभा राहिला. आमच्या सुरीचाच भुगा तो. धार लावली म्हणजे सुरीत काही भर पडली असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती तेवढी झिजलेली असते.

घराला हे मानवलं नाही. पहिल्या आठवड्यात दोन बोटं कापली. बायकोने सवयीने टोमॅटोवर जोर दिला आणि सुरी टोमॅटोतून थेट आरपार. "सांगून धार लावत जा," एवढंच ती म्हणाली. पण मला त्या शब्दांमागे बरंच काही ऐकू आलं. कांदा मात्र कमी रडवू लागला, हे तिनेही मान्य केलं. बोथट पातं कांद्याच्या पेशी चिरडतं आणि डोळ्यांत जाणारं ते रसायन जास्त सुटतं. कोथिंबीर आता ओट्यावर काळी पडत नाही.

राहिली आईची विळी. तिचं पातं वाकडं, पाटाला खिळलेलं. ती चापात बसेना, आणि सळई तिच्या वळणावर चालेना. "तिच्या नादी लागू नकोस," आई म्हणाली. तिची रीत ठरलेली. लोणच्याची चिनी मातीची रिकामी बरणी उलटी धरायची आणि तिच्या बुडाची खरखरीत कड पात्यावरून चार वेळा या बाजूने, चार वेळा त्या बाजूने फिरवायची. कोन वगैरे विचारलं, तर "मला काय माहीत" म्हणते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती विळी घासायला बसली, तेव्हा मला राहवलं नाही. मी तिच्या पात्याची कड मार्करने रंगवली. "माझी विळी काळी केलीस," असं पुटपुटत तिने बरणी फिरवली. मी वाकून बघितलं. मुळापासून टोकापर्यंत, त्या सगळ्या वळणावर, एका रुंदीची पांढरी रेघ होती. काळं कुठे राहिलंच नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तोवर ती बरणी धुवायला उठली होती.

दुसऱ्या दिवशी पाटावर विळी, कात्री, पाचही सुऱ्या आणि आईच्या आग्रहावरून माझा संचही मांडला गेला. हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. आमच्याकडे त्या दिवशी काही कापत नाहीत, चिरत नाहीत. आमटीत टोमॅटो मुलीने हातानेच कुस्करून टाकला.