पाटीवरचा देश नकाशात नाही

नागासाकीच्या शांती उद्यानात सगळे जातात ते एका पुतळ्यासाठी. सेइबो कितामुरा यांनी घडवलेला, जवळजवळ १० मीटर उंच, १९५५ सालचा. उजवा हात वर आभाळाकडे, जिथून ९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी मरण आलं. डावा हात आडवा, शांततेसाठी. आम्हीही त्यालाच बघायला गेलो होतो. खरं सांगू? मला तो जरा पैलवानीच वाटला.

रेंगाळले मी पुतळ्याच्या अलीकडेच, कारंज्याकडून पुतळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर. दोन्ही बाजूंना झाडीत इतर देशांनी आणि शहरांनी भेट दिलेली शिल्पं आहेत. १९७८ साली नागासाकीने त्यांच्यासाठी ही जागा राखली आणि जगाला आवाहन केलं. पहिली भेट त्याच वर्षी पोर्तुगालच्या पोर्तो शहराकडून आली. १५७१ मध्ये हे बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी खुलं झालं, म्हणजे ओळख तशी जुनीच.

सोबत भाचा होता. तो प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत चालला होता. ‘चेकोस्लोव्हाकिया, १९८०.’ एक आई बाळाला दोन्ही हातांनी उंच धरून उभी. ‘जर्मन डेमोक्रॅटिक रिपब्लिक, १९८१.’ म्हणजे पूर्व जर्मनी. पुढे सोव्हिएत संघ, १९८५. पुन्हा आई आणि मूल. मिडलबर्ग या डच शहराने १९८३ मध्ये दिलेल्या शिल्पातही आईच, बाळाला कवेत घेऊन. शिल्पकारांना दुसरं काही सुचलंच नाही की काय, असं आधी वाटलं. मग जागा आठवली आणि गप्प बसले.

भाच्याने मोबाइलवर नकाशा उघडला. ‘मावशी, पूर्व जर्मनी कुठेय?’ नाहीये रे. १९९० मध्ये ती पश्चिम जर्मनीत विलीन झाली. सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस मोडला, म्हणजे शिल्प दिल्यावर जेमतेम सहा वर्षांनी. १९९३ उजाडलं तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले होते. मैत्रीची भेट घेणारा जागेवर, देणारे तिघेही गायब! त्यात त्याच साम्यवादी गटातल्या बल्गेरिया, पोलंड, क्यूबा यांचीही शिल्पं इथे आहेत. शीतयुद्धात मैत्रीसुद्धा गटागटाने येत असणार.

आणि अमेरिका? तिचं शिल्प १९९२ चं, पण देणारं वॉशिंग्टन नव्हे, सेंट पॉल शहर. १९५५ पासून ते नागासाकीचं भगिनी शहर आहे. बॉम्बनंतर दहाच वर्षांत! सात खंडांच्या सात मानवाकृती एकमेकींत गुंफलेल्या आहेत. एवढ्या शिल्पांत मला हेच सगळ्यांत आवडलं. सरकारांनी पाठवलेल्या भेटींच्या रांगेत एका गावाने दुसऱ्या गावाला दिलेली ही भेट.

शाळकरी मुलांचा एक जथा आमच्या बाजूने थेट मोठ्या पुतळ्याकडे फोटोसाठी पळाला. भाचा मात्र मागे वळून चेकोस्लोव्हाकियाच्या आईपाशी गेला.

‘हिला आता कोणाची म्हणायची? चेक की स्लोव्हाक?’

‘नागासाकीची,’ मी म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही.