कमवा-शिका, जयकर आणि बादलीवरची नावं

शनिवार, रात्र

आज कमवा-शिकाचं (पुणे विद्यापीठातली काम करून शिकायची योजना) शेवटचं काम केलं. एमए संपतंय, त्यामुळे आता ही हजेरी वही परत नाही. दोन वर्षं रोज सकाळी डिपार्टमेंटच्या लायब्ररीत पुस्तकं पुसायची, नंबरप्रमाणे लावायची, ज्यांचे कणे सुटलेत त्यांना डिंक लावायचा, आणि हात धुवून तसंच वरच्या मजल्यावर लेक्चरला जाऊन बसायचं. घरी फोनवर मामी अजून विचारते, काम करून अभ्यासाला वेळ कधी मिळतो गं तुला. खरं सांगायचं तर निम्मं वाचन मला या कामामुळेच झालं, कारण पुस्तक पुसायला हातात घेतलं की ते उघडलं जातंच, आणि सिलॅबसमध्ये नसलेलं कितीतरी मी त्या रॅकपाशी उभी राहून वाचलंय.

आज एक जुनं पुस्तक चिकटवायला घेतलं तर मागची तारखांची चिठ्ठी गळून पडली आणि तिच्याखाली अजून एक निघाली, पिवळी, कडा तुटलेली, वर साठ-सत्तरच्या दशकातले शिक्के. एकाखाली एक जांभळ्या तारखा, मध्येच एक वाकडा उमटलेला, कुणीतरी घाईत मारलेला असणार. पहिल्या पानावर नुसतं 'पुणे विद्यापीठ'. आपण जे नवीन शिक्के मारतो त्यात सावित्रीबाई फुले हे नाव आहे, २०१४ ला आलेलं. मी जुनी चिठ्ठी काढून टाकली नाही, तिच्यावरच नवी लावली आणि बाजूने थोडी दिसेल अशी ठेवली. मॅडम बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, हसल्या फक्त.

पप्पा रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांना अजून तोंडपाठ आहे, आणि कर्मवीर अण्णांबद्दल (भाऊराव पाटील, रयतचे संस्थापक) बोलायला लागले की जेवण थंड होतं तरी थांबत नाहीत. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत सुरू झाली, मग १९४७ ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज आणि तिथली कमवा आणि शिका, हे सगळं मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेलं. म्हणून इथे ॲडमिशन झाल्यावर फॉर्म भरताना मला संकोच असा वाटलाच नाही, पण सोबतच्या काही पोरींना वाटायचा. एक जण बागेत पाणी घालायला जाताना स्कार्फ पार डोळ्यांपर्यंत बांधायची, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. मला तेव्हाही वाईट वाटायचं आणि आत्ताही वाटतं, कारण त्या पैशातून ती स्वतःची मेस भरत होती, यात लपवण्यासारखं काय आहे? उलट कॉन्व्होकेशनच्या स्टेजवर जसं नाव पुकारतात तसं या पोरापोरींचं नाव पुकारलं पाहिजे, माझं ठाम मत आहे. दुसऱ्या सेमला तिने स्कार्फ बांधणं सोडलं. मी काहीच बोलले नव्हते, तिचं तिनेच.

काम झाल्यावर ओपन कँटीनला चहा, मग जयकर लायब्ररी. आता परीक्षेचे दिवस म्हणजे सकाळी लवकर गेलं नाही तर जागा नाही, प्रत्येक खुर्चीपुढे एक रजिस्टर, एक पाण्याची बाटली. अर्धी लोकं आमच्यासारखी सेमिस्टरवाली, अर्धी नेट-सेटवाली (प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या परीक्षा, त्यातली सेट घेतंच मुळी आपलं विद्यापीठ, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी) आणि एमपीएससीवाले तर आहेतच. कुणी कुणाचं नाव विचारत नाही पण रोज समोर बसणारा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी आपोआप विचारलं जातं, बरंय ना सगळं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर इथले पहिले कुलगुरू, त्यांच्या नावाची ही लायब्ररी, पण आमच्यासाठी जयकर म्हणजे माणूस कमी आणि जागाच जास्त, 'जयकरला आहे' म्हटलं की पुढचं विचारायचं नाही.

संध्याकाळी स्नेहलताईने (नाव बदललंय) रूम रिकामी करायला घेतली. पीएचडीचा व्हायवा झाला तिचा. मी नवीन होते तेव्हा पहिल्या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर तिनेच आम्हा सगळ्यांना कॅम्पस फिरवला होता, ही आमच्याकडची पद्धतच आहे, नवीन आलेल्यांना सीनियरने रात्रीचा राऊंड मारवायचा. ४११ एकर एका रात्रीत होत नाही, त्यामुळे ठरलेलं असतं काय काय दाखवायचं ते. मेन बिल्डिंग आधी. मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला बांधलेला तो वाडा, आणि २२ जून १८९७ ला राणीच्या ज्युबिलीची मेजवानी आटपून रँड इथूनच निघाला होता आणि वाटेत चापेकरांनी त्याला गाठलं, हे ताई अंधारात त्या टॉवरखाली उभी राहून सांगत होती तेव्हा सगळ्या गप्प झालेल्या. शाळेत चार मार्कांसाठी पाठ केलेलं ते सगळं इथलं, आपल्या हॉस्टेलपासून चालत जायच्या अंतरावरचं निघालं! मग ॲलिस गार्डन, मग आयुकाच्या (कॅम्पसमधली खगोलशास्त्राची संस्था) गेटपर्यंत जाऊन परत. पुढच्या वर्षी तोच राऊंड मी मारवला, आणि ताईची वाक्यंच्या वाक्यं माझ्या तोंडून येत होती.

तर ताईने आज तिचं सामान वाटलं. गादी एकीला, टेबल लॅम्प एकीला, किटली पूर्ण विंगला मिळून (रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा त्या किटलीतल्या मॅगीवर किती जणींचं पोट भरलंय). मला तिने बादली दिली. निळी बादली, कडीखाली नेलपॉलिशने नावं लिहिलेली, एकाखाली एक, वरची दोन पुसट झालीत, ती ताईच्याही आधीच्या मुलींची. मी म्हणलं ताई मी पण तर चाललेच आहे महिन्याभरात, मला कशाला. तर म्हणाली, अगं मग नाव लिही आणि पुढे दे, तुझं नाव मध्ये नको का.

खाली आम्ही सगळ्या तिला रिक्षात बसवायला गेलो. रडारड झालीच, ताई स्वतः नाही रडली पण सारखी बॅगेची चेन उघडून बघत होती.

बादली कुणाला द्यायची ते माझं ठरलंय. सुरगाण्याची एक मुलगी आहे फर्स्ट इयरची, हॉस्टेल लिस्टमध्ये नाव लागेपर्यंत मैत्रिणीच्या कॉटशेजारी खाली झोपायची, आणि तशात तिने पहिल्या सेमला डिपार्टमेंटमध्ये टॉप केलं. तिलाच माझ्या नोट्स पण देणार. काल रूममेट म्हणत होती की सेकंडहँड नोट्सना पैसे मिळतात, मिळत असतील, मला ताईने दिल्या तेव्हा तिने घेतले नव्हते. कमवा-शिकाचं पण तिच्याशी बोलले, लायब्ररीतली माझी जागा रिकामी होतेय, जूनमध्ये फॉर्म निघाला की लगेच भर म्हणलं. ती म्हणाली दीदी डिंक लावायला जमेल का मला. म्हणलं सोमवारी ये, दाखवते.

लाल नेलपॉलिश विंगमध्ये कुणाकडेच नाहीये, उद्या औंधला जाऊन आणते.