तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यू देतं, मग हा कोर्स कशाला?

दर सेमिस्टरला पहिल्या आठवड्यात कोणीतरी लेक्चर संपल्यावर थांबतंच. "मॅडम, आम्ही बायोलॉजीवाले, गणित सुटलं म्हणून इकडे आलो, आणि पी-व्हॅल्यू तर सॉफ्टवेअर काढून देतं, मग प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्सचा अख्खा कोर्स कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते. (पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, त्यावर पुढे येतेच.)

समजा डीएनएमधला 10 अक्षरांचा एक क्रम तुम्ही मानवी जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएमध्ये, शोधलात आणि तो 2,800 ठिकाणी सापडला. वाटतं, काहीतरी मोठं हाती लागलं. आता वही काढा. अक्षरं चारच, ए, सी, जी आणि टी, म्हणजे 10 अक्षरांचे वेगवेगळे क्रम 4 चा 10 वा घात, 10,48,576. जीनोम साधारण 300 कोटी अक्षरांचा. भागाकार केला की 2,861 येतात. म्हणजे चिठ्ठ्या उचलून अक्षरं मांडली असती तरी तो क्रम जवळजवळ इतक्याच वेळा आला असता, यात शोध काहीच नाही. आता दुसरं बघा. सीच्या लगेच पुढे जी. ही दोन अक्षरं जीनोममध्ये किती आहेत त्यावरून ही जोडी साधारण 4 टक्के जागी यायला हवी, पण येते जेमतेम 1 टक्का. इथे थांबायचं. कारण या जोडीतल्या सीवर बहुतेक वेळा मिथाइल गट (एक छोटा रासायनिक गट) बसतो, आणि असा सी बदलून टी व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून पिढ्यानपिढ्या ती जोडी झिजत गेली. किती यायला हवं होतं हे माहीतच नसेल तर कमी आलंय हे कळणार कसं?

माझं स्वतःचं सांगते. शिकत असताना मी दोन गटांचे आठ-आठ नमुने घेऊन साधारण 20,000 जीन्स तपासले, एकेका जीनला टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीत फरक आहे का ते बघणारी चाचणी), आणि पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली असलेले 1,100 जीन्स मिळाले. दोन दिवस मी हवेत होते, यादी घेऊन गाइडकडे गेले तर त्यांनी यादी बघितलीसुद्धा नाही, म्हणाले, कुठला नमुना कुठल्या गटातला ती लेबलं मिसळून टाक आणि परत चालव. मिसळली, म्हणजे आता गटांत खरा फरक उरायलाच नको. तरी हजाराच्या आसपास जीन्स आले! 20,000 गुणिले 0.05 म्हणजे 1,000, हा गुणाकार मला येत नव्हता असं नाही, पण करायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. मग बेंजामिनी आणि हॉचबर्ग यांची 1995 ची पद्धत लावली, यादीतले साधारण किती टक्के खोटे चालतील ते आधी ठरवायचं आणि त्यावरून रेष ओढायची. 5 टक्के ठरवले तर 12 जीन्स उरले.

सॉफ्टवेअरने आकडा दोन्ही वेळा बरोबरच दिला होता. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते की दोन गटांत खरोखर फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती. 0.05 आली म्हणजे 95 टक्के खात्री, असा अर्थ अजिबात नाही, आणि ही चूक मी थीसिसमध्येसुद्धा बघते तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण पुढे कोणीतरी त्या यादीच्या भरवशावर महिनोन्‌महिने लॅबमध्ये घालवणार असतं.

बाकी कोर्समध्ये बायनॉमियल, पॉयसन, बेज ही शक्यता मोजायची सूत्रं येतात, आणि त्यांना गणित फार लागत नाही. पॉयसनचंच बघा, जीनोमचं प्रत्येक अक्षर सरासरी एकदा वाचलं जाईल इतकं सीक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) केलंत तरी साधारण 37 टक्के भाग एकदाही वाचला जात नाही, सरासरी पाच वेळा वाचलं जाईल इतकं केलंत की न वाचलेला भाग 1 टक्क्याच्याही खाली येतो. पैसे किती लागणार ते यावर ठरतं.

ती 1,100 जीन्सची फाइल मी जपून ठेवलीय. तिसऱ्या आठवड्यात ती तुम्हाला देईन, लेबलं तुम्हीच मिसळा.