सात आठवडे झाले, तरी पोरगा अजून असा का?

काल भाच्याला घेऊन गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग, सोडून सात आठवडे झाले त्याला. एमडी काय असतं हे आता नाशिकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही, 2023 ला शिंदे गावात कारखानाच सापडला होता. मिसळ अर्धी टाकली, पापडाला हात नाही, पूर्वी माझाही पळवायचा. येताना एक टपरी लागली, तिथंच त्याला पुडी मिळायची, तर गुडघा थडथड हलायला लागला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. "मामा, काच वर घे ना," एवढंच.

ताईचं रोजचं एकच, सोडलंय ना, मग अजून असा का.

म्हणून मी वाचायला बसलो. एरिक नेस्लर या मेंदूच्या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या टीमनं उंदरांना कोकेन देऊन खूप काम केलंय. पहिल्यांदा ड्रग गेलं की मेंदूतल्या न्यूक्लियस अक्युम्बन्समध्ये, जिथून ओढ लागते तिथं, सी-फॉससारखी जीन्स, म्हणजे जनुकं, थोडा वेळ चालू होतात आणि शांत होतात. पण रोज रोज गेलं की डेल्टा फॉसबी नावाचं प्रोटीन साचत जातं. फॉसबीचंच शेपूट तुटलेलं रूप आहे हे, आणि ज्या खुणेवरून पेशी प्रोटीन मोडीत काढते ती त्या शेपटातच असते, मग हे मोडणार कसं लवकर? ड्रग बंद झाल्यावरही आठवडेच्या आठवडे राहतं आणि दुसरी जीन्स चालू-बंद करत बसतं. कोकेन घेणाऱ्या माणसांच्या मेंदूतही, मृत्यूनंतर तपासल्यावर, ते वाढलेलं दिसलंय. एमडीवर एवढं काम नाही, पण तेही डोपामिन, म्हणजे ओढ लावणारं मेंदूतलं रसायन, वाढवणारंच.

डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो, येवल्याच्या आसारीवर मांजा असतो तसा. सैल झाला तर जीन वाचलं जातं, घट्ट असला तर गप्प. 2010 च्या एका प्रयोगात दिसलं की वारंवार कोकेन दिलेल्या उंदरांत घट्ट करणारं एक एन्झाइमच कमी होतं आणि पेशींच्या फांद्यांवर नवे काटे फुटतात, म्हणजे नव्या जोडण्या. डेल्टा फॉसबी गेलं तरी या बदलांतलं बरंच मागे राहतं.

ताई घाबरली, म्हणाली जीन बिघडलं म्हणजे कायमचंच ना? तर नाही गं, अक्षरं तीच आहेत, वाचायची पद्धत बदललीय. मग ती बराच वेळ गप्प होती, आणि सकाळी त्याच्यापुढं चहा ठेवताना पहिल्यांदाच काही बोलली नाही.

आता त्याला घेऊन जायचं असलं की मी त्र्यंबक रोडनं जातो, लांब पडलं तरी.