५० इंचांचा ओंडका, ३६ इंचांची मिल

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या यूजीन भागात, म्हणजे ऑरेगनमध्ये, बर्फाचं वादळ झालं. भुरभुरणारा बर्फ नव्हे. पाऊसच पडतो, पण फांदीला लागताक्षणी गोठतो. झाडं काचेची दिसायला लागतात, आणि मग रात्रभर कडाकड मोडण्याचे आवाज. त्यातच शेजारच्या आजोबांचा कुंपणालगतचा डग्लस फर, म्हणजे इथला उंच सूचिपर्णी वृक्ष, आडवा झाला. बुंध्याशी टेप लावली, व्यास भरला ५० इंच.

मला वाटलं, एवढं सोन्यासारखं लाकूड, सॉ मिलवाले धावत येतील. कोणी फिरकलं नाही. इथल्या बहुतेक मिल आता बारीक, एकसारख्या ओंडक्यांसाठी बेतलेल्या आहेत. एवढं धूड त्यांच्या यंत्रात शिरतच नाही. शिवाय अंगणातलं झाड म्हटलं की त्याच्या पोटात खिळे असणार, हे ते धरूनच चालतात.

आजोबांकडे ट्रेलरवरची छोटी बँडसॉ मिल, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची करवत असलेली मिल, आहे. तिच्यात ३६ इंचांपर्यंतचा ओंडका मावतो. मग ठरलं, १० फुटी तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचे उभे चार चतकोर करायचे. अख्खा तुकडा हिशेबाने सव्वादोन टनांच्या वर जात होता. चतकोर सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे आजोबांच्या ट्रॅक्टरला कसाबसा पेलणारा.

आधी रेघ जाणार तेवढ्या पट्टीवरची साल सोलली. सालीत वाळू रुतलेली असते, तिच्यावरून चेनसॉची, म्हणजे यांत्रिक करवतीची, दातेरी चेन फिरली की धार गेलीच. मग दोन्ही टोकांना गाभ्यातून ओळंब्यात रेघ, आणि वरून सूत. आमच्या गावचे सुतारकाका सूत कावेत बुडवायचे. इथे डबीतून निळी पूड लागून येतं. पण ताणून, चिमटीत उचलून सोडलं की होणारा तो ‘टप्प’ अगदी तोच.

उभ्या कापाची चेन वेगळी. नेहमीच्या चेनचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, हिचे १०. करवत ओंडक्याच्या लांबीला धरून आडवी टेकवली, तर भुशाऐवजी लांबलचक शेवया निघतात आणि चेनसॉचं झाकण तुंबतं. दर दोन मिनिटांनी थांबून त्या उपसायच्या. पहिल्याच ओंडक्याला मी पाचर मारायला विसरलो. काप अर्ध्यावर गेला, लाकडाने तोंड मिटलं आणि करवतीची पट्टी आत अडकली. आजोबा रागावले नाहीत, नुसती खिशातली प्लॅस्टिकची पाचर माझ्या हातात ठेवली. (लोखंडी नाही, कारण चेन लागली तर दात जातात.)

मला खरं तर जिवावर आलं होतं. चेनसॉचा काप जवळजवळ एक सेंटिमीटर लाकूड खातो, बँडसॉ दोनेक मिलिमीटर. पण गाभा फळीत राहिला की वाळताना फळी तडकते, आणि इथे काप बरोबर गाभ्यातूनच जात होता. शिवाय चतकोरातून निघालेल्या फळीवर लाकडाच्या रेषा उभ्या, सरळ. अशी फळी आक्रसते कमी आणि सपाट राहते. अख्खा ओंडका मिलमध्ये मावला असता, तरी मी आता तो असाच फोडला असता. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलात एकोणिसाव्या शतकात याहून धसमुसळी रीत होती. न मावणाऱ्या ओंडक्याला भोक पाडून बंदुकीची दारू ठासायची आणि सरळ उडवून द्यायचा.

तिसऱ्या ओंडक्याचा दुसरा चतकोर उघडला तेव्हा आत निळसर-काळा डाग पसरलेला दिसला. मधोमध गंजलेला यू-खिळा आणि बोटभर तार. करवत तिच्यापासून दोन इंचांवरून गेली होती.

“कुंपणाची आहे,” आजोबा वाकून बघत म्हणाले. “मीच ठोकली असणार.” आणि पक्कड आणायला शेडकडे गेले.