जलद चार्जिंग अर्ध्यात तुटते तेव्हा : एका सॉफ्टवेअर अपडेटचा पाठपुरावा

माझ्या इलेक्ट्रिक कारची वॉरंटी संपून पाच महिने झाले होते, तेव्हा एका जलद चार्जरने तिला पहिल्यांदा नकार दिला. गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग, लावली, कुलूप बसल्याचा खट्ट आवाज आला, चार्जरच्या पडद्यावर ‘वाहनाशी संपर्क सुरू आहे’ आणि मग ‘सुरक्षा तपासणी’ अशी अक्षरे उमटली, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास ‘चार्जिंग सुरू होऊ शकले नाही’ असा संदेश आला. गन काढून पुन्हा लावली, दुसरी गन वापरून पाहिली, गाडी कुलूपबंद करून दहा मिनिटे थांबले. फरक पडला नाही. बॅटरीत १४ टक्के शिल्लक होते. त्या अवस्थेत मी गाडी हळू चालवत पुढच्या, जुन्या बनावटीच्या चार्जरपर्यंत नेली आणि तिथे ती पहिल्याच प्रयत्नात चार्ज होऊ लागली.

साहजिकच मला वाटले की पहिला चार्जर बिघडलेला असेल. पण त्याच चार्जरवर माझ्या आधी आणि नंतर दुसऱ्या गाड्या व्यवस्थित चार्ज झाल्या होत्या. चार्जर चालवणाऱ्या कंपनीने सांगितले की दोष गाडीत आहे. सर्व्हिस सेंटरने गाडी ठेवून घेतली, स्वतःकडच्या एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा प्रवाह देणाऱ्या संथ, चार्जरवर लावून पाहिली, एकही एरर कोड मिळाला नाही असे जॉब कार्डवर लिहिले आणि तपासणीचे शुल्क घेऊन गाडी परत दिली. “आमच्याकडे गाडी चार्ज होते, त्यामुळे दोष चार्जरचाच असणार,” असे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि मधल्या मध्ये मी अडकले.

एसी चार्जिंग चालते म्हणजे जलद चार्जिंगही चालले पाहिजे, हा समज किती चुकीचा आहे ते मला तेव्हा माहीत नव्हते. माझ्या गाडीच्या सीसीएस-२ या प्रकारच्या जोडणीत वरचा भाग टाइप-२ चा, म्हणजे एसी चार्जिंगचा, असतो आणि खाली डीसीसाठी, म्हणजे जलद चार्जिंगसाठी, दोन जाड पिना असतात. सॉकेट एकच दिसते, पण आतले संभाषण पूर्णपणे वेगळे असते. एसी चार्जिंगमध्ये कंट्रोल पायलट नावाच्या एका तारेवर १ किलोहर्ट्झचा चौकोनी संकेत असतो आणि त्याची रुंदी (प्रत्येक आवर्तनात तो जितके टक्के वेळ चालू असतो ती) जितकी, तितक्या प्रमाणात गाडीने जास्तीत जास्त करंट घ्यावा एवढाच निरोप त्यातून मिळतो. सुमारे २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. जलद चार्जर मात्र तीच रुंदी ५ टक्क्यांवर आणतो, आणि त्याचा अर्थ असा की आता आपण डिजिटल भाषेत बोलू. मग त्याच तारेवरून गाडी आणि चार्जर यांच्यात संगणकी संदेशांची देवाणघेवाण सुरू होते. हे संदेश डीआयएन ७०१२१ किंवा आयएसओ १५११८ या मानकांप्रमाणे जातात. आपल्याला यांपैकी कोणती भाषा येते ते गाडी सुरुवातीला सांगते आणि चार्जर त्यातून एक निवडतो. मानक एकच असले तरी ते वाचून सॉफ्टवेअर लिहिणारे हात वेगवेगळे असतात, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असूनही संभाषण तुटू शकते. एसी चार्जरवर गाडी तपासून तिला निर्दोष ठरवण्यात म्हणूनच काही अर्थ नव्हता.

हे समजल्यावर मी एक वही केली. पुढच्या सहा आठवड्यांत नऊ चार्जरवर गाडी लावली आणि प्रत्येक वेळी तारीख, चार्जरची बनावट, त्यावरचा क्रमांक, बॅटरीचे टक्के आणि गन लावल्यापासून कितव्या सेकंदाला काय झाले हे स्टॉपवॉचवर पाहून लिहिले. नऊपैकी तीन ठिकाणी गाडी प्रत्येक वेळी नाकारली गेली आणि ते तिन्ही चार्जर एकाच उत्पादकाचे होते. हवामान, बॅटरीची पातळी, गाडी नुकतीच चाललेली असणे किंवा नसणे, यांचा काही संबंध दिसला नाही. एका विशिष्ट चार्जरच्या विशिष्ट वेळेची नोंद असल्यामुळे मी चार्जर कंपनीला नेमका प्रश्न विचारू शकले : या दिवशी, या वेळेला, या गनवर तुमच्या यंत्राने शेवटचा कोणता संदेश पाठवला आणि शेवटचा कोणता ऐकला? “माझी गाडी चार्ज होत नाही” या तक्रारीला त्यांनी दोनदा ठरावीक उत्तर पाठवले होते. या प्रश्नाला मात्र त्यांच्या तांत्रिक विभागाने चार दिवसांत त्या सत्राची नोंद पाठवली.

त्या नोंदीत सगळे होते. ओळख पटली होती, बॅटरीच्या मर्यादा सांगून झाल्या होत्या, केबलच्या इन्सुलेशनची चाचणी उत्तीर्ण झाली होती. संभाषण तुटत होते ते त्यानंतरच्या, प्रीचार्ज नावाच्या पायरीवर. इथे चार्जरने आपले व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या अगदी जवळ आणायचे असते आणि तसे झाल्यावरच गाडीने आपले कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी चार्जरशी जोडणारे मोठे स्विच, जोडायचे असतात. फरक मोठा असताना ते जोडले गेले तर क्षणार्धात प्रचंड करंट वाहून त्यांचे टोक वितळून चिकटण्याची भीती असते. आयएसओ १५११८-२ मध्ये या पायरीसाठी ७ सेकंदांची मुदत आहे. चार्जरने व्होल्टेज हवे तिथे आणल्याचे नोंदीत दिसत होते, तरी गाडी कॉन्टॅक्टर जोडत नव्हती. मुदत संपत होती आणि सत्र गाडीच बंद करत होती.

हा कागद घेऊन मी पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले आणि या वेळी अ‍ॅडव्हायझरऐवजी तंत्रज्ञांशी बोलायची परवानगी मागितली. त्यांनी ती नोंद शांतपणे दोनदा वाचली, उत्पादकाच्या प्रणालीत शोध घेतला आणि पाच मिनिटांत उत्तर सापडले. ‘काही चार्जरवर प्रीचार्जच्या वेळी चार्जिंग थांबणे’ या दोषावर उत्पादकाने सर्व्हिस सेंटरांसाठी आधीच सूचनापत्रक काढले होते आणि उपाय होता चार्जिंग नियंत्रक मॉड्यूलचे नवे सॉफ्टवेअर. पत्रकाची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे ते निघाले तेव्हा माझी गाडी वॉरंटीत होती आणि त्यानंतर नियमित देखभालीसाठी ती याच सर्व्हिस सेंटरमध्ये येऊन गेली होती. मला याचा मनापासून राग आला आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

रिकॉल आणि सूचनापत्रक यांतला फरक प्रत्येक गाडीमालकाने समजून घ्यावा असा आहे. रिकॉल सुरक्षेच्या दोषासाठी असतो, मालकाला कळवला जातो आणि दुरुस्ती विनामूल्य होते. सूचनापत्रक तंत्रज्ञांसाठी असते. मालकाने तक्रार केली तरच ते उघडले जाते आणि वॉरंटी संपली असेल तर खर्च साधारणपणे मालकाच्या माथी येतो. माझ्या गाडीला नकाशे आणि पडद्याचे अपडेट घरबसल्या मिळतात, पण चार्जिंग नियंत्रकाचे सॉफ्टवेअर सर्व्हिस सेंटरमध्ये केबल जोडूनच बदलता येते.

मला दिलेल्या अंदाजपत्रकात तीन ओळी होत्या : पुन्हा तपासणी, दोन तासांची मजुरी आणि उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडणीचे शुल्क. मजुरीचे तास प्रत्यक्ष लागलेल्या वेळावर धरलेले नसून उत्पादकाने ठरवून दिलेल्या तक्त्यावरून घेतलेले असतात, हे विचारल्यावर समजले. माझ्या ओळखीच्या स्वतंत्र मेकॅनिककडे गाडीच्या निदान-पोर्टला जोडायचे उपकरण होते, परंतु सॉफ्टवेअरची फाइल उत्पादकाच्या सर्व्हरवरून परवान्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

मी पैसे भरले नाहीत. उत्पादकाच्या ग्राहक विभागाला दीड पानाचे पत्र लिहिले. त्यात राग कमी आणि तारखा जास्त होत्या : पत्रकाची तारीख, वॉरंटी संपल्याची तारीख, त्या दोन्हींच्या मधल्या देखभालीच्या जॉब कार्डांचे क्रमांक, वहीची पाने आणि चार्जर कंपनीची नोंद. माझे म्हणणे एवढेच होते की गाडी विकताना जी जोडणी चालेल असे सांगितले होते ती चालावी यासाठी केलेल्या दुरुस्तीला नवी सोय म्हणता येणार नाही, आणि ती वेळेत न होण्यात माझा काही दोष नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आले. मजुरी आणि सर्व्हरचे शुल्क माफ झाले. पहिल्या निष्फळ तपासणीचे शुल्क परत मागितले, ते नाकारले गेले.

अपडेटच्या दिवशी मी समोर उभी राहिले. तंत्रज्ञांनी आधी १२ व्होल्टच्या बॅटरीला बाहेरून वीजपुरवठा जोडला, कारण सॉफ्टवेअर लिहिले जात असताना तिचे व्होल्टेज खाली गेले तर मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. प्रत्यक्ष लिहिण्याला ३८ मिनिटे लागली. जॉब कार्डवर मॉड्यूलचे नाव, जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती लिहून देण्याचा मी आग्रह धरला आणि तो त्यांनी मानला. पुढे गाडी विकताना किंवा पुन्हा वाद झाला तर ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ एवढ्या मोघम ओळीचा उपयोग होत नाही. मग मी विनंती केल्यावर ते माझ्यासोबत वहीतल्या नकार देणाऱ्या पहिल्या चार्जरपर्यंत आले. गन लावली, कुलूप बसले, इन्सुलेशनची चाचणी संपली, आणि इतके दिवस जिथे शांतता पसरायची तिथे मागच्या सीटखालून कॉन्टॅक्टर जोडले गेल्याचे दोन ‘टक्’ असे स्पष्ट आवाज आले. पडद्यावरचे किलोवॅट चढू लागले तेव्हा तंत्रज्ञांनी स्वतःहून माझ्या वहीत वेळ लिहिली.

दुसऱ्या चार्जरवरही आता अडचण येत नाही. तिसऱ्यावर गाडी अजून चार्ज होत नाही, पण तिथले संभाषण आता प्रीचार्जच्याही आधी, गाडी आणि चार्जर एकमेकांची ओळख पटवतात त्या पायरीवर, आठ-नऊ सेकंदांतच तुटते. अपडेटनंतर त्याच चार्जरवर दुसऱ्या दोन कंपन्यांच्या गाड्याही तशाच थांबलेल्या मी पाहिल्या. त्या तिन्ही प्रसंगांच्या वेळा चार्जर कंपनीकडे पाठवल्या आहेत आणि त्यांनी त्या यंत्राची नोंद तपासायला घेतल्याचे कळवले आहे.