रविवार संध्याकाळचा फॉर्म

केमो सुरू व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या सिस्टरनी माझ्या मोबाइलवर एक लिंक पाठवली आणि शेजारी बसून ती उघडून दाखवली. दर रविवारी संध्याकाळी मेसेज यायचा. उलटी, जुलाब, तोंड येणं, थकवा, ताप, हातापायाला मुंग्या असे पंधरा-सोळा प्रश्न, आणि प्रत्येकाखाली ‘अजिबात नाही’पासून ‘खूपच जास्त’पर्यंत पाच पर्याय. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा मला सहा आठवडे झाले होते. आम्ही कराडचे, उपचार पुण्यात. एसटीने जायलाच चार तास, त्यामुळे मधल्या दिवसांत माझं काय चाललंय हे डॉक्टरांना कळायला तोच मार्ग होता.

पहिले दोन रविवार मी सगळीकडे ‘थोडं’ भरलं. कुणी विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायचं, हीच लहानपणापासूनची सवय. सिस्टरचा फोन आला, ‘‘काकू, सगळंच थोडं थोडं कसं? जेवण जातंय का?’’ जात नव्हतं. तोंडात फोड आले होते, ताकभातसुद्धा झोंबायचा. ‘‘मग हे ‘जास्त’ झालं. रोजचं काम अडतंय का, तेवढं बघा आणि त्याप्रमाणे भरा.’’ तिचं हे सांगणं मला शेवटपर्यंत उपयोगी पडलं.

दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी, शनिवारी रात्री, 101 ताप चढला. लिंक कधीही उघडता यायची, म्हणून मी फॉर्ममध्ये तापाचं भरलं आणि फोनची वाट बघत पडून राहिले. फोन आलाच नाही. सुट्टीत आणि रात्री ही उत्तरं कुणी बघत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. पहाटे मुलाने इमर्जन्सीचा नंबर लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून मला कराडमध्येच दाखल करून सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. माझ्यासारख्या केमोत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात कमी असतात. तेव्हा केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला, तर फॉर्म भरत बसू नका. रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करा आणि दवाखाना गाठा.

पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध दर आठवड्याला सुरू झालं, एकूण बारा डोस. सातव्याच्या सुमाराला बोटं बधिर व्हायला लागली. ब्लाउजचे हुक लागेनात. एकदा भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला, तो मला रात्री बोटाला फोड दिसल्यावर कळला. तरी दोन रविवार मी मुंग्यांपुढे ‘थोड्या’च भरलं. खरं लिहिलं तर केमो थांबवतील आणि आजार उलटेल, ही भीती होती.

लेकीने तो फोड पाहिला. तिने मला न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलमधला डॉ. इथन बाश यांचा अभ्यास वाचून दाखवला. 766 पेशंट. जे आपली लक्षणं कॉम्प्युटरवर कळवत होते, ते सरासरी 8.2 महिने केमो घेऊ शकले, बाकीचे 6.3 महिने. कळवणारे जगलेही जास्त, ते आकडे 2017 साली आले. त्यांचा आजार पसरलेला होता, माझा नव्हता, म्हणून ते गणित मला जसंच्या तसं लागू नाही. पण कळवलं की केमो बंद होते, ही माझी समजूत किती उलटी होती ते कळलं.

त्या रविवारी ‘बरंच काम अडतं’ भरलं. सोमवारी अकराच्या आत सिस्टरचा फोन. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि माझे बाराच्या बारा पूर्ण झाले. असंच लपवत राहिले असते तर बधिरपणा कायमचा राहू शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मी गाडीत बसून खूप रडले.

आता फॉर्म महिन्यातून एकदा येतो. कॅन्सर परत येऊ नये म्हणून चालू असलेल्या लेट्रोझोलच्या गोळीने सकाळी गुडघे आणि बोटांची पेरं आखडतात, ते भरते. हुक लागतात. मागच्या वेळी बधिरपणापुढे ‘थोडा’ भरलं आणि खालच्या मोकळ्या चौकटीत लिहिलं, ‘सुईत दोरा अजून नात ओवून देते.’